मिस्तरींच्या तक्रारी

काडीपेटीवर पन्नास काड्या छापलं होतं आणि आत सत्तेचाळीस निघाल्या, ही तक्रार घेऊन मिस्तरी पहिल्यांदा माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. आदिलाबादच्या एका जिनिंग मिलमध्ये मी नुकतीच टायपिस्ट म्हणून लागले होते आणि ते त्याच मिलच्या ट्रकांचे मिस्तरी होते. काड्या त्यांनी रुमालात बांधून आणल्या होत्या. पुरावा म्हणून.

"लिवा बाई. विंग्रजीत लिवा. तीन काड्या कोणं खाल्ल्या ते इचारा."

"मिस्तरी, तीन काड्यांसाठी पत्र?"

"इथं तीन, तिकडं तामसीत तीन, बासरले तीन. काडीपेटी देशभर जाते, बाई."

मी लिहिलं. मग दर आठवड्याला लिहीत गेले. तामसीची बस वेळेच्या दोन मिनिटं आधी सुटते, रेडिओवरचा माणूस गावांची नावं चुकीची घेतो, साबणाच्या वडीवर कंपनीचं नाव खोल कोरल्यामुळे तेवढा साबण कमी मिळतो. जेवणाच्या सुट्टीत ते एका हातात भाकर धरून उभ्यानं खायचे आणि उभ्यानंच सांगायचे. बसा म्हटलं तर म्हणायचे, "नाई. बसलं का राग उतरते."

ते जे सांगायचे ते जसंच्या तसं टाईप करणं शक्य नव्हतं. ते म्हणायचे, "यायच्या डोक्यात काय ढेप भरली हाय काय?" मी त्याचं 'आपण कृपया लक्ष घालावे, ही नम्र विनंती' असं इंग्रजी करायची. माझे वडील तामसीकडे सालगडी होते. आमच्या घरात टेबलखुर्चीची नोकरी लागलेली मी पहिलीच. नम्र विनंती मला चांगली येत होती. मिस्तरींना इंग्रजी वाचता यायचं नाही. ते पत्राखाली मराठीत सही करायचे आणि सहीखाली जोरानं दोन रेघा ओढायचे. उत्तर कुणाचंच यायचं नाही.

माणूस डिझेल इंजिनांत हात घालायचा, पण अंगात कायम पांढरा सदरा आणि पांढरा पायजामा. मिलमधले सगळे हसायचे. ते म्हणायचे, "तेल गळते म्हून कपडे मळते. मंग चूक कपड्याची हाय का नटाची?" सदऱ्यावर डाग पडला तर त्या दिवशी ते कुणाशी बोलायचे नाहीत. तांब्याची वायसरं, म्हणजे नटाच्या जोडात घालायच्या चकत्या, त्यांनी बायकोच्या जुन्या कुंकवाच्या करंड्यात ठेवलेली असायची. प्रत्येक वायसर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकलेलं, म्हणजे ते मऊ होतं आणि जोड नीट बसतो. दुसऱ्या कुणी त्या करंड्याला हात लावलेला त्यांना खपायचा नाही.

आणि त्यांच्यासमोर एक शब्द उच्चारायची सोय नव्हती. 'चालते.' ब्रेक थोडा ओढते, पण चालते. खिडकीची काच फुटली, पण चालते. कुणी असं म्हटलं की मिस्तरी पाना खाली ठेवायचे. "चालते म्हंजे बिघडलंच हाय. बंद पडाचं तेवढं बाकी हाय."

नव्वदनंतर मिलनं नवे ट्रक घेतले. त्यांच्या इंजिनांना टर्बो होता. मिस्तरींनी मला तो एकदा समजावून सांगितला होता, कारण पत्र लिहायचं तर बाईला समजलं पाहिजे. धुराच्या जोरावर एक चक्की गरगर फिरते आणि इंजिनाला जादा हवा पाजते. ती भयंकर तापते, म्हणून तिला सतत तेल लागतं. इंजिनातून तिच्याकडे दाबानं तेल नेणारा करंगळीएवढा एक लोखंडी पाईप होता. मिस्तरींनी पहिल्याच आठवड्यात प्रत्येक ट्रकच्या त्या पाईपाच्या मानेवरून, म्हणजे नटाजवळून, बोट फिरवलं. बोट ओलं झालं.

ते मिलच्या सेठकडे गेले. पाईप ताठ आहे, इंजिन हादरते, एक दिवस मान तुटेल आणि तापल्या टर्बोवर तेल उडेल, असं त्यांनी सांगितलं. लोखंडी पाईपाच्या जागी जाळीचा, दाब सहन करणारा लवचीक पाईप टाकू म्हणाले. सेठनं विचारलं, "गाडी आज चलती क्या नहीं?" चालते, हे मिस्तरींना कबूल करावं लागलं. "तो फिर?" सेठ म्हणाले.

मार्चमधल्या एका दुपारी मारोतीचा ट्रक कापसाच्या गठाणी घेऊन निर्मलच्या घाटात पेटला.

मारोती तामसीकडचा ड्रायव्हर. त्याच्या बापाचा बिडीनं लागलेला खोकला त्यानं लहानपणी रात्रंदिवस ऐकला होता, म्हणून तो बिडी पिणाऱ्यांच्या जवळसुद्धा उभा राहायचा नाही. बॉनेटखालून ज्वाळा येताना दिसल्या तेव्हा त्यानं गाडी रस्त्याच्या कडेला काढली, क्लीनरला खाली ढकललं आणि गठाणी वाचवायला दोरखंड सोडायला गेला. त्यात त्याचे दोन्ही हात भाजले. गाडीचा सांगाडा उरला.

पोलिसांनी दवाखान्यात त्याचा जबाब घेतला. जबाब तेलुगूत लिहिला. मारोतीला तेलुगू बाजारापुरती बोलता यायची, वाचता यायची नाही. पट्ट्या बांधलेल्या हाताचा अंगठा धरून कुणीतरी कागदावर टेकवला. त्या कागदात लिहिलं होतं की ड्रायव्हर गाडी चालवताना बिडी ओढत होता आणि ठिणगी कापसावर पडली.

हे लिहिताना आजही माझी कानशिलं तापतात. कारण हा कागद सगळ्यांनाच सोयीचा होता. पोलिसांना तपास नको होता, सेठला विम्यासाठी कारण हवं होतं, ट्रक बनवणाऱ्या कंपनीला आपली गाडी निर्दोष हवी होती. मारोतीवर खटला भरला, लायसन काढून घेतलं, सेठनं कामावरून काढलं. त्याच्या बाजूनं उभं राहायला कुणी नव्हतं, एक मिस्तरी सोडून.

मिस्तरी दुसऱ्या दिवशी बसनं घाटात गेले. जळालेल्या सांगाड्यात शिरले आणि तो पाईप काढून आणला. मान तुटलेली, अगदी नटाजवळ. आणि तो पाईप त्यांनी सरळ ठाण्यात नेऊन दिला.

"तुमी काऊन दिला त्यायले?" मी विचारलं. त्यांच्याशी बोलताना माझीही भाषा घरची व्हायची.

"पुरावा हाय, बाई. पुरावा पोलिसायपाशीच राह्यते."

तो पाईप पुन्हा कुणालाही दिसला नाही. मुद्देमालाच्या यादीत त्याचं नावच नव्हतं. साबणाच्या वडीत खोट काढणारा हा माणूस ठाण्यावर मात्र विश्वास ठेवून बसला होता.

त्या आठवड्यात त्यांनी ट्रकच्या कंपनीला पत्र सांगितलं. मी त्यांना इतकं हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"लिवा. तुमचा पाईप मानेत तुटते. त्याच्या जागी जाळीचा पाईप पायजे, अन् मधात इंजिनाले धरून ठेवणारा चिमटा पायजे. खाली नक्शा काढून देतो. अन् हे बी लिवा का मारोती बिडी पेत नाई." मग ते थांबले. "आखरी लिवा. त्या दिशी सकाळी मी त्या पायपाले हात लावला होता. ओला होता. मी नट आवळला अन् गाडी सोडली. मनात म्हणलं असन, चालते."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते भिंतीकडे पाहत होते.

"लिवलं?"

"लिवलं," मी म्हणाले. पण मी लिहिलं नव्हतं. अशी कबुली कागदावर गेली तर उद्या हेच आरोपी होतील, असं मला वाटलं. पत्रात मी फक्त पाईपाची सुधारणा सुचवली, नेहमीच्या नम्रतेनं. मारोतीचं एक वाक्य टाकलं होतं, तेही कुठंतरी मधे. मिस्तरींनी सही केली आणि दोन रेघा ओढल्या.

आठ-नऊ महिन्यांनी कंपनीनं गुडीहत्नूरला हायवेवर शिबिर भरवलं. शामियाना, खुर्च्या, हार, फोटोग्राफर. आपल्या टर्बो गाड्यांना कंपनी नवीन, जास्त दाबाचे तेलाचे पाईप फुकट बसवून देणार होती. आसपासच्या मिलांच्या तेरा गाड्या आल्या होत्या. गाड्यांचे नंबर टाईप करायला आमच्या मिलचा मुनीम मला आणि माझ्या मशीनला जीपमधून घेऊन गेला. बसवायचं काम मिस्तरींना दिलं होतं.

हैदराबादहून आलेल्या इंजिनियरनं खोका उघडला. आत जाळीचा पाईप होता. सोबत रबर लावलेला चिमटा. मिस्तरींनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला. तो त्यांच्या नक्शातला चिमटा होता, वाकसुद्धा तसाच.

मला वाटलं, आता ते म्हणतील, हा माझा आहे. ते म्हणाले नाहीत. ते इंजिनियरला म्हणाले, "साब, पहिले एक लाईन लिख के देव. पुराना पाईप टूटता है, बोल के."

इंजिनियर तरुण होता, वाईट नव्हता. "मिस्तरी जी, पुराने पाईप में कोई खराबी नहीं. ये तो सिर्फ सुधार है."

"खराबी नहीं तो सुधारते कायकू?"

"वो लिखना हमारे हाथ में नहीं है. आपकी चिट्ठी मैंने पढ़ी थी. बहुत अच्छा सजेशन था. कितनी नम्रता से लिखा था आपने!"

मिस्तरी वळले. शामियान्याच्या कडेला मी मशीनपुढे बसले होते. त्यांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "बाई, म्या सजेशन देलं होतं?"

मी मशीनमधला कागद सरळ करू लागले.

"मारोतीचं लिवलं होतं का?"

"एक वाक्य."

"अन् माह्यं? आखरीचं?"

मी मान खाली घातली. त्यांनी पाना खोक्यावर ठेवला आणि हात मागे बांधले. लिहून मिळेपर्यंत एकही पाईप बसणार नाही, म्हणाले. मुनीम ओरडला, इंजिनियरनं घड्याळ पाहिलं, फोटोग्राफर बिचारा हार घेऊन उभा. बराच वेळ गेला. मग रांगेतला एक ड्रायव्हर पुढे आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "मिस्तरी, मले इथून सरळ घाट उतराचा हाय."

मिस्तरींनी त्याच्याकडे पाहिलं. मग रांगेतल्या सगळ्या गाड्यांकडे पाहिलं.

"याच्यावरचा राग त्याच्यावर नाई काढाचा," ते म्हणाले आणि त्यांनी पाना उचलला.

तिथं त्यांनी काम केलं तसं काम मी नंतर कधी पाहिलं नाही. जुना पाईप सोडवायचे, दोन्ही तोंडं पुसायचे, करंड्यातलं मऊ वायसर घालायचे. नव्या पाईपावर लांबीभर एक पिवळी रेघ होती. ती सरळ राहिली पाहिजे, वळली तर पाईप पिळला गेला, असं प्रत्येक ड्रायव्हरला बोट लावून दाखवायचे. टर्बोकडचं टोक मोकळं ठेवून, डिझेल बंद करून, नुसता स्टार्टर मारायला लावायचे. टोकातून तेल आलं की मगच नट आवळायचे, नाहीतर कोरडी चक्की फिरून जळेल. मग चिमटा. मग इंजिन चालू करून, आपल्या पांढऱ्या सदऱ्याची बाही प्रत्येक जोडावरून फिरवायचे. बाही पांढरी राहिली तर गाडी पुढे. इंजिनियर दोनदा घाई करायला गेला आणि दोनदा परत येऊन खुर्चीत बसला.

तेराव्या गाडीपर्यंत दोन दिवस लागले; शेवटच्या फोटोसाठी सगळ्या गाड्या थांबवून ठेवल्या होत्या. काढलेले जुने पाईप इंजिनियर मोजून गोणीत भरत होता, कंपनीत परत न्यायला. शेवटचा पाईप गोणीत जाताना मिस्तरींनी गोणीचं तोंड धरलं.

"पाच मिनिट साब."

त्यांनी सगळे पाईप ताडपत्रीवर ओळीनं मांडले. मानेवर रॉकेल लावलं, थोड्या वेळानं कोरड्या फडक्यानं पुसून काढलं आणि शाळेतल्या खडूची भुकटी चोळली. ड्रायव्हर वाकून पाहत होते. पांढऱ्या खडूत हळूहळू एक केसाएवढी काळी रेघ उमटली. चिरेत शिरलेलं रॉकेल बाहेर येत होतं. मग दुसऱ्या पाईपावर. मग आणखी. तेरापैकी पाच पाईप चिरलेले होते. ज्याला इथून सरळ घाट उतरायचा होता त्याचाही. तो ड्रायव्हर मागे सरकून चाकाला टेकून बसला.

"आता कोण बिडी पेलं?" मिस्तरी ओरडले. त्यांचा आवाज हायवेपलीकडे गेला असेल. "सांगा ना! हे पाच पाईप बिडी पेले का?"

इंजिनियरनं घाईनं पाईप गोळा करायला सुरुवात केली. तेव्हा मिस्तरी माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "पंचनामा पायजे."

मुनीम माझ्या खुर्चीपाशी आला. "बाई, मशीन बंद करा. जीपमध्ये बसा. सेठला कळलं तर उद्या कामावर येऊ नका."

माझ्या पगारावर घरातली पाच माणसं होती. मी हे मोठेपणासाठी सांगत नाही. मी तीन कोरे कागद घेतले, मधे दोन कार्बन घातले आणि मिस्तरींना म्हणाले, "सांगा. जसं सांगसान तसंच लिवतो."

मशीन इंग्रजीचं होतं, तरी या खेपेला मी त्यांचं एक वाक्य गिळलं नाही. पाच पाईप चिरलेले, कुठं आणि किती, कोणत्या गाडीचे. मारोती बिडी पीत नाही, त्याच्या गाडीचा पाईप असाच तुटला. आणि शेवटी, त्या दिवशी सकाळी पाईप ओला असताना मी गाडी सोडली, हे मिस्तरींचं वाक्यही. प्रत्येक वाक्य मी मराठीत मोठ्यानं वाचून दाखवलं. तेरा ड्रायव्हरांनी सह्या केल्या, काहींनी अंगठे दिले. इंजिनियरनं सही केली नाही. पण जाताना त्यानं मिस्तरींना वाकून नमस्कार केला. या नमस्काराचा मला जास्तच राग आला. हात जोडता येतात, मग सही का करता येत नव्हती?

सेठनं मला काढलं नाही. इंग्रजी पत्रं लिहिणारं दुसरं कुणी नव्हतं. माझं टेबल मात्र रेच्यांजवळ, कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्रांपाशी नेलं, जिथं दिवसभर सरकीची धूळ आणि कापसाचे तंतू उडायचे. चार वर्षं मी तिथं खोकत टाईप केलं. मिस्तरी रोज यायचे, धुळीत उभे राहायचे. त्या खोट्या पत्राबद्दल ते एकदाच बोलले. "तुमी भेल्या होत्या, बाई. मी बी भेलो होतो. हिसाब बरोबर."

खटला रेंगाळत गेला. पंचनाम्याची प्रत वकिलानं दाखल केली, मिस्तरींनी साक्ष दिली. अखेर मारोती सुटला. निकाल इंग्रजीत होता. मी कोर्टाच्या व्हरांड्यात वाचला. आरोपीला संशयाचा फायदा देऊन निर्दोष सोडण्यात येत आहे.

"संशय?" मिस्तरी म्हणाले. "कोणाले संशय हाय?"

वकील हसले. "मिस्तरी, ते लिहायची पद्धत असते. लायसन परत मिळणार. संपलं."

"संपलं कसं? उद्या याच्या पोरीले पाहाले लोक येतीन. म्हणतीन, गाडी जाळली यानं, संशयावर सुटला. बाई, अर्ज लिवा. संशय काढून टाका म्हणा."

मारोती खालच्या पायरीवर बसला होता. "मिस्तरी, सोडलं ना मले? घरी जाऊ द्या आता."

"थांब तू."

मला खरं तर त्या दिवशी मिस्तरींचाच राग आला. माणसाला थांबता आलं पाहिजे, असं वाटलं. पण मी अर्ज लिहिला, मराठीत, हातानं. वकिलानं त्याला हात लावला नाही. म्हणून मिस्तरी स्वतःच कागद घेऊन कोर्टाच्या खिडकीशी गेले. आतला म्हातारा कारकून मराठी वाचायचा, पण बोलायचा दखनी. "मुकदमे की मिसल बंद हो गई मियाँ. ऐसी कोई अर्जीच नहीं होती. आदमी छूट गया, जाके मिठाई खाव."

"छूटा नहीं साब. शक में छोड़े."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी कारकुनानं खिडकी लावून घेतली. मिस्तरी खिडकीसमोर उभे राहिले, जेवणाच्या सुट्टीनंतरही उभेच. चौथ्या दिवशी मी सुट्टी काढून गेले होते, मारोतीही आला होता. कारकुनानं खिडकी उघडली, मिस्तरींना वरपासून खालपर्यंत पाहिलं, अर्ज ओढून घेतला, पुरता वाचला. मग दोन्ही प्रतींवर आवक शिक्का मारला, तारीख टाकली आणि एक प्रत बाहेर सरकवली. तो शिक्का फक्त 'मिळाला' असं म्हणत होता. दुसरं काही नाही. त्या अर्जाचं पुढं काहीच होणार नव्हतं, हे कारकुनाला माहीत होतं आणि मलाही.

मिस्तरींनी कागद नेऊन मारोतीच्या हातात दिला. भाजलेल्या बोटांची कातडी आवळली होती, त्याला पातळ कागद नीट धरता येईना. त्यानं तो दोन तळव्यांमध्ये धरला.

"काय लिवलं हाय, मिस्तरी?"

"तू जिंदगीत बिडी पेला नाई, असं लिवलं हाय. गाडी पायपानं जळली, असं लिवलं हाय. खाली कोर्टाचा शिक्का हाय."

मी काही बोलायला तोंड उघडलं. मिस्तरींनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत मला कळलं की शिक्क्याचा अर्थ त्यांनाही पक्का माहीत होता.

"बाई, वाचून दाखवा त्याले," ते म्हणाले.

मी पायरीवर मारोतीशेजारी बसले आणि अर्ज वाचला. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, तारखेसकट. मारोती ओठ हलवत ऐकत होता.

"थे बिडीचं," तो म्हणाला, "थे एकडाव पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं.